जॉनी वॉकर : भरवशाचा माणूस

गुरुदत्त यांच्या 'प्यासा'मध्ये कवी विजयचा श्याम नावाचा एक मित्र आहे. विजय मेला अशी जगाची समजूत झालेली असते, त्याचा कवितासंग्रह धडाधड खपत असतो आणि खरा विजय इस्पितळात पडून 'मीच तो' म्हणून सांगत असतो. ओळख पटवायला प्रकाशकाला आणि या मित्राला बोलावलं जातं. प्रकाशकाच्या सोयीसाठी मित्र विजयच्या तोंडाकडे बघतो आणि सांगतो, मी याला ओळखत नाही. 'प्यासा'तल्या अनेक विश्वासघातांतला हा सर्वांत नीच विश्वासघात आहे, कारण तो उपाशीपोटी एकत्र राहिलेल्या माणसाने केलेला आहे.

ही भूमिका सुरुवातीला जॉनी वॉकर करत होते. काही भाग चित्रित झाला, तो पाहिला गेला आणि गुरुदत्त यांनी निर्णय फिरवला. जॉनी वॉकर मित्राला दगा देतो ही गोष्ट प्रेक्षक मान्य करणार नाही, असं त्यांचं मत पडलं. श्यामची भूमिका त्यांच्या एका सहायकाकडे गेली आणि जॉनी वॉकर यांच्या वाट्याला आला डोक्याला तेल चोळणारा अब्दुल सत्तार. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तेल-मालिशच्या त्या गाण्याशिवाय हिंदी चित्रपटांतल्या विनोदाची आठवणच पुरी होत नाही.

चित्रपट पूर्ण होण्याआधी असा बदल करणं दिग्दर्शकाला महागात पडतं. वेळ जातो, फिल्म वाया जाते. गुरुदत्त यांनी तो खर्च सोसला, कारण अवघ्या पाच-सहा वर्षांत एका विनोदी नटाने प्रेक्षकांच्या मनात असा भरवसा कमावला होता की तो मोडणं चित्रपटाला परवडणारं नव्हतं. नायकाबद्दल असा विचार नेहमी होतो, त्याची प्रतिमा जपली जाते. हसवणाऱ्या दुय्यम नटाची कोणी जपावी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हा भरवसा कुठून आला, हे पाहायचं तर इंदूरच्या गिरणीपर्यंत आणि मुंबईच्या बसपर्यंत मागे जावं लागतं.

बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी हे त्यांचं खरं नाव. जन्म 1920च्या दशकातला, इंदूरचा. होळकरांची राजधानी असलेलं इंदूर तेव्हा कापडगिरण्यांचंही शहर होतं आणि बद्रुद्दीनचे वडील गिरणीत कामाला होते. घरात दहा भावंडं. गिरणी बंद पडली आणि कुटुंबाला शहर सोडावं लागलं. गिरणी बंद झाली की घराचं काय होतं, हे मराठी वाचकाला, निदान लालबाग-परळच्या वाचकाला, कोणी समजावून सांगायची गरज नाही. काझी कुटुंब मुंबईत आलं. बद्रुद्दीनची शाळा सहावीतच सुटली. मिळेल ते काम त्याने केलं. बर्फाच्या कांड्या विकल्या, भाजी विकली, फळं विकली. पुढे स्वतःची मुलं शिकून मोठी व्हावीत यासाठी त्यांनी जी धडपड केली आणि त्यांना शिकायला अमेरिकेला पाठवलं, तिच्यामागे ही सहावीत सुटलेली शाळा होती.

मग बेस्टमध्ये कंडक्टरची नोकरी लागली. मुंबईत मोटारबस 1926 साली अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिल्यांदा धावली होती. 1937 साली दुमजली बस आली आणि 1947 साली ही सारी वाहतूक महापालिकेच्या ताब्यात गेली. बद्रुद्दीन कंडक्टर झाला तेव्हा ट्राम अजून रस्त्यावर होत्या. पगार महिना 26 रुपये. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा पंच, आणि दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसंच माणसं. कंडक्टरला शहर जसं दिसतं तसं ते दुसऱ्या कोणाला दिसत नसावं. गिरणीचा पाळीवाला, कचेरीतला कारकून, फोर्टातला पारशी, भायखळ्याचा ख्रिस्ती टंकलेखक, कोळीण, भय्या, खिसेकापू असे सगळे त्याच्याकडून तिकीट घेतात, प्रत्येकजण वेगळ्या सुरात घेतो. बद्रुद्दीन या सुरांची नक्कल करी. थांब्यांची नावं तऱ्हेतऱ्हेने पुकारी, उतारूंना हसवी. ज्या नूर मोहम्मद चार्लींचे चित्रपट पाहून त्याला नट व्हावंसं वाटलं होतं, ते चार्ली चाळिशीच्या दशकातले हिंदी पडद्यावरचे मोठे विनोदी नट होते आणि फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. हिंदी चित्रपटाची विनोदाची गादी त्या वर्षांत जवळजवळ रिकामी झाली होती, असं म्हणता येईल.

कामावरून सुटी मिळाली की बद्रुद्दीन स्टुडिओच्या फाटकाशी जायचा. गर्दीतली कामं मिळत. दोन प्रसंगांच्या मधल्या वेळात तो तिथल्या लोकांनाही हसवायचा, आणि इथेच त्याची गाठ बलराज साहनींशी पडली. ती कशी पडली याच्या दोन हकीकती आहेत. एक सांगते, साहनींनी त्याला बसमध्येच पाहिलं. दुसरी सांगते, 'हलचल'च्या सेटवर पाहिलं. दोन्हींत वेळ मात्र एकच आहे. साहनी तेव्हा कम्युनिस्ट चळवळीपायी तुरुंगात होते आणि 'हलचल'च्या चित्रीकरणापुरती त्यांना बाहेर यायची परवानगी मिळे. त्या चित्रपटात ते तुरुंगाधिकाऱ्याचं काम करत होते. दिवसा पडद्यावरचा जेलर आणि रात्री खरा कैदी. त्याच काळात ते नवकेतन या चित्रसंस्थेसाठी 'बाजी'ची पटकथा आणि संवाद लिहीत होते, आणि दिग्दर्शक म्हणून गुरुदत्त यांचा तो पहिलाच चित्रपट होता.

मला या भेटीत योगायोगापेक्षा अधिक काही दिसतं. दोन वर्षांनी 'दो बिघा जमीन'मध्ये अनवाणी पायांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवर रिक्षा ओढणारा हा नट होता. राबणाऱ्या माणसाकडे बघण्याची त्याला नजर होती. दुसऱ्या एखाद्याला एक वाचाळ कंडक्टर दिसला असता, त्याला नट दिसला.

साहनींनी त्याला सांगितलं, नवकेतनच्या कचेरीत ये आणि दारू प्यायल्यासारखा धिंगाणा घाल. ठरल्या दिवशी कचेरीत मंडळी बसली असताना एक झिंगलेला माणूस आत घुसला. झोकांड्या खात बडबडू लागला, कामात व्यत्यय आणू लागला. बराच वेळ गेला. शेवटी त्याला हाकलायची वेळ आली तेव्हा साहनींनी त्याला नीट उभं राहायला सांगितलं आणि तो क्षणात नीट उभा राहिला. त्याने दारूचा थेंबही घेतलेला नव्हता. गुरुदत्त यांनी त्याला 'बाजी'त छोटीशी भूमिका दिली आणि एका प्रसिद्ध व्हिस्कीवरून जॉनी वॉकर हे नाव.

काझी घराण्यातला हा धार्मिक मुसलमान आयुष्यभर दारूला शिवला नाही. आणि वर्ष होतं 1951. मुंबई राज्यात मोरारजी देसाईंची दारूबंदी लागू झालेली होती. 1949चा कायदा होता, पुढच्या वर्षी बंदी पुरी झाली, आणि परवाना नसलेल्या माणसाच्या तोंडाला वास आला तर पोलीस धरून नेत. अशा कोरड्या शहरातल्या चित्रपटगृहांत एका व्हिस्कीचं नाव श्रेयनामावलीत झळकू लागलं आणि ते नाव धारण करणारा न पिणारा माणूस देशाला झिंगलेल्या माणसाची चाल शिकवू लागला. त्यांचा दारुडा कधी ओंगळ वाटत नाही. तो भांडत नाही, बायकोला मारत नाही. जगाचा तोल गेलाय आणि आपण तेवढे सरळ उभे आहोत, अशा समजुतीने तो चालतो. प्यालेल्या माणसाची नक्कल बहुतेक नट पायांनी करतात. जॉनी वॉकर डोळ्यांनी करत. समोरच्याचं बोलणं समजून घ्यायची त्या डोळ्यांतली पराकाष्ठा पाहिली की हसू येतं, आणि त्या माणसाबद्दल मायाही वाटते.

'बाजी' चालला. गुरुदत्त यांच्या पुढच्या 'जाल' आणि 'बाज' या दोन्ही चित्रपटांत जॉनी वॉकर होते. पण खरी जागा सापडली ती 1954च्या 'आर पार'मध्ये, आणि ती सापडण्यात अबरार अल्वी या संवादलेखकाचा मोठा वाटा आहे. तोवरच्या हिंदी चित्रपटात पात्रं एकाच छापाची, नाटकी, पुस्तकी भाषा बोलत. अल्वींनी प्रत्येकाला त्याच्या पेशाची आणि मुलखाची बोली दिली. नायक टॅक्सी चालवणारा असेल तर तो टॅक्सीवाल्यासारखा बोलू लागला. बसमध्ये वर्षानुवर्षं शेकडो माणसांचे सूर कानात साठवलेल्या नटाला याहून चांगलं काय हवं होतं? त्यांचा तो चिरका, नाकातून येणारा आवाज, पेन्सिलने ओढल्यासारखी मिशी आणि वाक्याच्या शेवटी वर चढणारा हेल, या साऱ्याला आता मातीचा आधार मिळाला.

गुरुदत्त यांची त्यांच्याबरोबर काम करण्याची रीत जॉनी वॉकर यांनी पुढे अनेकदा सांगितली. हा प्रसंग, हे संवाद, आणि तुला याहून बरं सुचत असेल तर तसं कर, एवढं सांगून ते बाजूला होत. मग जॉनी वॉकर तालमीत काही भर घालत, आणि गुरुदत्त त्यांच्याकडे पाहण्याऐवजी सेटवरच्या इतर माणसांकडे पाहत. कॅमेऱ्यामागची माणसं, दिवे धरणारी पोरं हसतात का, याकडे त्यांचं लक्ष. 'प्यासा'चा अंधार ज्याने निर्माण केला तो दिग्दर्शक हसण्याची पारख दिवे उचलणाऱ्या कामगारांवर सोडत होता.

'आर पार'च्या काळातच त्यांची नूर या अभिनेत्रीशी गाठ पडली. नूर म्हणजे त्याच चित्रपटातल्या शकीलाची बहीण. 1955 साली दोघांनी घरच्यांचा विरोध पत्करून लग्न केलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

त्याच वर्षी 'मिस्टर अँड मिसेस 55' आला. माझ्या मते जॉनी वॉकर यांचं सर्वांत देखणं काम या चित्रपटात आहे. गुरुदत्त इथे बेकार व्यंगचित्रकार आहेत (चित्र काढणारे जे हात पडद्यावर दिसतात ते आर. के. लक्ष्मण यांचे) आणि जॉनी वॉकर वृत्तपत्राचा छायाचित्रकार. म्हणजे दोघांतला कमावता हा. मधुबालाच्या मागे कोण धावतंय यापेक्षा या दोन मित्रांचं नातं मला या चित्रपटात जास्त भावतं. उसने पैसे, उधारी, एकमेकांची लाज झाकणं. विनोदी मित्र नायकाच्या आगेमागे फिरणारा लाळघोट्या असतो हा संकेत इथे उलटा झाला आहे. नायकाचं पोट या मित्राच्या कॅमेऱ्यावर चालतं. संस्कृत नाटकातला विदूषक राजाच्या ताटावर जगतो, तमाशातला सोंगाड्या राजाला टोमणे मारतो पण तोही राजाचा नोकर असतो. मुंबईच्या या चित्रपटात मात्र विदूषकाच्या हाताला नोकरी आहे आणि राजा बेकार आहे.

आणि त्याला स्वतःची प्रीतीही आहे. कचेरीतल्या टंकलेखक मुलीबरोबरचं त्यांचं गाणं जेवणाच्या सुटीत, रिकाम्या टेबलाखुर्च्यांमध्ये चित्रित केलं आहे. ती दोघं हरवलेलं हृदय टेबलाखाली शोधतात. बाग नाही, चांदणं नाही, झरा नाही. पगारदार माणसांचं प्रेम कचेरीच्या सुटीत बसवायचं असतं, हे त्या काळच्या मुंबईत हजारो लोक जगत होते आणि पडद्यावर ते प्रथमच इतक्या प्रेमाने येत होतं. ओ. पी. नय्यर यांचा ठेका, गीता दत्त यांचा लडिवाळ आवाज, आणि मोहम्मद रफी. जॉनी वॉकर यांच्यासाठी गाताना रफी आपला आवाज असा काही बदलत की गाणं नटच म्हणतोय असं वाटावं. पुढे अशी वेळ आली की वितरक चित्रपट घेतानाच विचारत, यात जॉनी वॉकरचं गाणं आहे ना?

1956च्या 'सी.आय.डी.'तलं मुंबईवरचं गाणं तर या शहराचंच होऊन बसलं आहे. राज खोसला दिग्दर्शक, निर्माते गुरुदत्त, आणि जॉनी वॉकर खिसेकापू मास्टर. या शहरात इमारती, ट्रामगाड्या, गिरण्या सगळं आहे, माणूस मात्र सापडत नाही अशी तक्रार तो गातो, आणि शेवटी कुमकुम त्याला उलटं उत्तर देते. हे वर्ष लक्षात घ्यायला हवं. 1956च्या जानेवारीत मुंबई कोणाची या प्रश्नावर याच रस्त्यांवर गोळीबार चालू होते, संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं पडत होती. गाण्याचा त्या लढ्याशी काही संबंध नाही. पण इंदूरहून आलेल्या गिरणीकामगाराचा मुलगा या शहराबद्दल हक्काने तक्रार करतो आणि हक्कानेच तिथे राहतो, हे त्या दिवसांतल्या थिएटरातल्या माणसाच्या कानावर कसं पडलं असेल, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

मग 1957. हे त्यांचं वर्ष. 'प्यासा'तला सत्तार तेलाच्या बाटल्या घेऊन बागेत फिरतो, आणि त्याच्या तेलापुढे मालक-चाकर सारखेच. सचिन देव बर्मन यांची चाल, रफींचा आवाज. हे गाणं इतकं प्रसिद्ध झालं की सत्तार कथेत काय करतो हे लोक विसरले. सख्खे भाऊ, मित्र, प्रकाशक सगळे पाठ फिरवतात आणि विजयची वेड्यांच्या इस्पितळात रवानगी होते, तेव्हा तिथून बाहेर पडायला मदत करणारा माणूस सत्तार आहे. एका मालिशवाल्याने केलेली सुटका आणि गुलाबो या वेश्येने केलेलं प्रेम, एवढ्या दोनच गोष्टींवर 'प्यासा'तली माणुसकी उभी आहे. श्रीमंत आणि सुशिक्षित माणसांपैकी एकही विजयच्या बाजूने उभा राहत नाही. मित्राची भूमिका काढून घेऊन गुरुदत्त यांनी जॉनी वॉकर यांना खऱ्या मित्राचीच भूमिका दिली.

त्याच वर्षी बी. आर. चोप्रांच्या 'नया दौर'मध्ये ते मुंबईहून गावात आलेले बातमीदार झाले. टांगेवाल्यांच्या पोटावर पाय देणाऱ्या मोटारबसची ती कथा. बसचा एके काळचा कंडक्टर टांगेवाल्यांची शर्यत बघायला आला, एवढं नोंदवून पुढे जाऊ. बिमल रॉय यांच्या 1958च्या 'मधुमती'तल्या चरणदासासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. भुताखेताच्या, पुनर्जन्माच्या त्या धुकट कथेत चरणदास आला की प्रेक्षक मोकळा श्वास घेतो.

नायक म्हणूनही त्यांना उभं करून पाहिलं गेलं. 'छू मंतर', 'मिस्टर कार्टून एम.ए.', आणि एका चित्रपटाला तर सरळ 'जॉनी वॉकर' हेच नाव दिलं. नटाच्या नावावर चित्रपटाचं नाव, तेही विनोदी नटाच्या, हा मान मोठा होता. चित्रपट मात्र मोठे नव्हते. त्यांचं बळ दुसऱ्याच्या शेजारी उभं राहण्यात होतं. समोर कोणी दुःखी, रागावलेला, हरलेला माणूस असला की त्यांच्यातला नट जागा होई. एकट्यावर सगळा भार पडला की तेच हेल, तीच मुद्रा पुन्हा पुन्हा येऊ लागे.

आणि 'कागज के फूल' (1959). भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट, गुरुदत्त यांचं सर्वांत धाडसी काम, आणि तिकीटबारीवर सपशेल पडलेलं. यात जॉनी वॉकर नायकाच्या श्रीमंत सासुरवाडीतला मेहुणा आहेत, घोड्यांच्या शर्यतींचा शौकीन रॉकी. माझं स्पष्ट मत आहे की ही भूमिका चित्रपटाला चिकटवल्यासारखी वाटते. नट तोच, दिग्दर्शक तोच, लेखक अल्वीच. फरक एवढाच की रॉकीला पोटाची चिंता नाही, त्यामुळे त्याच्या विनोदाला पाय टेकायला जमीन नाही. जॉनी वॉकर यांच्या चांगल्या भूमिका आठवून पाहा. छायाचित्रकार, मालिशवाला, खिसेकापू, बातमीदार. प्रत्येकाला दिवस ढकलायचा आहे, आणि ते हसवतात ते दिवस ढकलता ढकलता.

1960च्या 'चौदहवीं का चाँद'मध्ये ही जोडी पुन्हा एकत्र आली, या वेळी लखनौच्या तीन मित्रांच्या कथेत. चित्रपटाने गुरुदत्त यांचं बुडालेलं घर सावरलं. पुढे 'साहिब बीबी और गुलाम'मध्ये जॉनी वॉकर नाहीत, तिथे मराठी रंगभूमीवरून आलेले धुमाळ आहेत. 10 ऑक्टोबर 1964 रोजी गुरुदत्त गेले. जॉनी वॉकर यांना नाव देणारा आणि त्यांच्यासाठी भूमिका बदलणारा माणूस गेला.

काळही बदलला होता. रंग आला, चित्रपट मुंबईच्या रस्त्यावरून काश्मीरला गेले, नायकाला नोकरी-धंदा उरला नाही. नायकालाच पेशा नसेल तर त्याच्या मित्राला कुठून असणार? विनोद कथेतून बाहेर काढून त्याचा वेगळा कप्पा करण्यात आला. मेहमूद, शुभा खोटे आणि धुमाळ यांनी त्या कप्प्यात अफाट यश मिळवलं, आणि त्यातलं बरंच मला आजही आवडतं. पण मुख्य कथा थांबवून वीस मिनिटं हसवायचं आणि मग पुन्हा नायक-नायिकेकडे जायचं, ही रचना जॉनी वॉकर यांच्या प्रकृतीला मानवणारी नव्हती. कामं मिळत राहिली. 1968च्या 'शिकार'साठी विनोदी अभिनेत्याचं फिल्मफेअरही मिळालं. मात्र विनोदात अंगविक्षेप आणि द्व्यर्थी शब्द वाढू लागले तसे त्यांनी स्वतः काम कमी करत आणलं. आपण तीनशेच्या आसपास चित्रपट केले आणि त्यांतलं आपलं एकही वाक्य सेन्सॉरने कापलं नाही, हे ते अभिमानाने सांगत. तो अभिमान सोवळेपणाचा नव्हता. आपला प्रेक्षक बायकामुलांसह येतो आणि त्याला मान खाली घालायला लावायची नाही, हा उतारूंशी रोज अदबीने बोलणाऱ्या माणसाचा संस्कार होता.

माघार घेत असतानाच त्यांच्या हातून एक अपूर्व काम झालं. हृषीकेश मुखर्जींचा 'आनंद', 1971. रस्त्यात दिसेल त्या अनोळखी माणसाला 'मुरारीलाल' म्हणून हाक मारायची आनंदला सवय. लोक चमकतात, रागावतात, निघून जातात. एकच माणूस त्या हाकेला त्याच थाटात उत्तर देतो. तो नाटकमंडळी चालवणारा ईसाभाई सुरतवाला. एका भल्या मनाने दुसरं भलं मन ओळखलं, एवढंच त्या प्रसंगात घडतं, आणि ते दाखवायला विसेक वर्षं लोकांच्या विश्वासातला चेहराच लागत होता. पुढे आनंद अंथरुणाला खिळल्यावर ईसाभाई भेटायला येतो. दोघं नाटकातल्यासारखं बोलतात, कारण साधं बोलायला दोघांचाही धीर होत नाही, आणि ईसाभाईला रडू आवरत नाही. जॉनी वॉकर यांना पडद्यावर रडताना प्रेक्षकांनी क्वचितच पाहिलं होतं. राजेश खन्ना आणि अमिताभ बच्चन यांच्या चित्रपटात थोडी मिनिटं येऊन त्यांनी जे केलं ते आजही थिएटरातल्या माणसाचा गळा दाटून आणतं.

त्यानंतरची वर्षं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांनीही ती थोडक्यातच घालवली. रत्नांचा व्यवसाय केला, एक चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला, घरसंसार पाहिला. कमल हासन आणि गुलजार यांच्या आग्रहाने 1997 साली 'चाची 420'मध्ये ते परत आले. पुरुषाला चाची बनवणारा जोसेफ, पिण्याचा नाद असलेला वृद्ध रंगभूषाकार. मूळ तमिळ चित्रपटात ही भूमिका नागेश यांनी केली होती, म्हणजे दक्षिणेतल्या थोर विनोदी नटाच्या जागी उत्तरेकडच्या पडद्यावरचा तितकाच थोर नट शोधला गेला. सत्तरी गाठलेला हा न पिणारा माणूस पुन्हा एकदा झिंगला, आणि अवघं थिएटर पुन्हा एकदा हसलं. 29 जुलै 2003 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

कामकरी घरातून आलेले जॉनी वॉकर एकटे नव्हते. 1951 सालीच 'अलबेला' करून देशाला नाचवणारे भगवानदादा पालव हेही गिरणगावातून, मजुरीतून आलेले. त्या पिढीच्या विनोदी नटांवर मराठीत नीट, सविस्तर लिहिलं जायला हवं, कारण ती पिढी मुंबईने घडवली आहे आणि मुंबईच्या कामकरी माणसाचा इतिहास तिच्यात साठवलेला आहे. आज जॉनी वॉकर यांची गाणी वेगळी काढून पाहिली जातात आणि त्यांच्या आगेमागे असलेली माणसं नजरेआड होतात. माझी वाचकांना मनापासून विनंती आहे, की 'मिस्टर अँड मिसेस 55' आणि 'आनंद' हे दोन चित्रपट घरच्या तरुण मुलांना बरोबर घेऊन, लागोपाठच्या दोन संध्याकाळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावेत.